मावशीची खार आणि गिलहरी: ज्येष्ठांच्या स्मृतीतला बदल वर्षानुवर्षे कसा मोजायचा

इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या मावशीला मी एकदा घड्याळ लावून सांगितलं, एका मिनिटात आठवतील तितक्या प्राण्यांची नावं सांग. वय ७८, शाळा मराठी, संसार सगळा हिंदी शेजारात. गाय, म्हैस, कुत्रा, मांजर झाल्यावर ती म्हणाली, "खार." पाच-सहा नावांनंतर "गिलहरी." मग "ससा", आणि शेवटच्या दहा सेकंदांत "खरगोश". माझ्या कागदावर १६ खुणा पडल्या होत्या, प्राणी मात्र १४. दोन वर्षांनी भाचीने तीच चाचणी घेतली. तिने दुहेरी नावं गाळली आणि १३ लिहिले. वही बघणारा म्हणणार, १६ वरून १३, म्हणजे मावशीचं डोकं उतरणीला लागलं. प्रत्यक्षात १४ वरून १३. उरलेला उतार माझ्या आणि भाचीच्या मोजण्यातल्या फरकाचा.

तुमच्याकडे ज्येष्ठांच्या एखाद्या गटाचे तीन-चार वर्षांचे चाचणीचे गुण असतील आणि त्यांतला बदल आकड्यांत मांडायचा असेल (मानसशास्त्राचा प्रबंध, समाजकार्याचा प्रकल्प, आरोग्य शिबिराचा पाठपुरावा, काहीही), तर हा लेख त्यासाठी आहे. सरासरी, प्रमाण विचलन आणि साधं रिग्रेशन येतं असं धरून चालतो. लेखभर एकच उदाहरण वापरतो: समजा इंदुरातले २४० ज्येष्ठ, वय ६० ते ८५, दर दीड वर्षाने एक अशा चार भेटी, आणि दर भेटीत दहा शब्दांची यादी ऐकवून वीस मिनिटांनी किती आठवले ते विचारलं. आकडे सगळे समजुतीसाठी रचलेले आहेत.

पहिली पायरी: पातळी की उतार, ते आधी ठरवा

"शिकलेल्यांची स्मृती चांगली राहते का?" हा एक प्रश्न वाटतो, पण यात दोन आहेत. शिकलेल्यांचे गुण आज जास्त आहेत का, हा पातळीचा प्रश्न. त्यांचे गुण दरवर्षी कमी वेगाने घसरतात का, हा उताराचा. जगभरच्या दीर्घकालीन अभ्यासांत शिक्षणाचा संबंध पातळीशी घट्ट आणि उताराशी जेमतेम दिसला आहे. दोन्हींची सरमिसळ केली की निष्कर्ष उलटासुद्धा निघतो.

पहिल्यांदा हे काम हातात घेतलं तेव्हा मी नेमकी तीच सरमिसळ केली. एकाच भेटीचे गुण घेतले, आडव्या अक्षावर वय, उभ्यावर गुण, मधून रेघ, आणि "दरवर्षी इतके शब्द विसरले जातात" असं मोठ्या तोऱ्यात लिहून टाकलं. माझ्या गटातल्या ऐंशीच्या बायका चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि साठीतल्या बऱ्याच जणी बी. ए. माझी रेघ विसरण्याची नव्हतीच. दोन पिढ्यांच्या शाळेतला फरक मी वयाच्या नावावर खपवला होता. त्या रेघेवरून कुणीही माणूस कधी चाललेला नव्हता.

दुसरी पायरी: मोजपट्टी तपासा

स्मृती आणि आकलन तपासणारी सगळ्यात ओळखीची ३० गुणांची एमएमएसई चाचणी १९७५ सालची. तिच्यात लिहिणं-वाचणं लागतं, म्हणून शाळेत न गेलेल्यांसाठी तिचं हिंदी रूप, एचएमएसई, हरियाणातल्या बल्लभगढच्या गावांत काम करून तयार झालं आणि १९९५ साली प्रसिद्ध झालं. इंदूरच्या मराठी घरांत अडचण वेगळीच असते: माणूस शिकलेला, पण दोन भाषांत जगणारा. हिशेब हिंदीत, भांडण मराठीत. म्हणून पहिल्या भेटीत विचारा, "कोणत्या भाषेत सोपं जाईल?" उत्तर नोंदवा आणि शेवटच्या भेटीपर्यंत तीच भाषा ठेवा. प्राण्यांच्या चाचणीत दोन्ही भाषा चालू द्या, पण खार आणि गिलहरी एकच, ससा आणि खरगोश एकच, हा नियम पहिल्या दिवशी लिहून ठेवा. शक्यतो मूळ शब्दच उतरवून घ्या, नुसत्या खुणा नकोत. म्हणजे पुढे नियम बदलला तरी जुने गुण नव्याने मोजता येतात.

चष्मा होता का, कानाचं यंत्र लावलं होतं का, भेट सकाळची की दुपारची, हे तीन रकाने फुकटात मिळतात. शब्दांची यादी ऐकूच आली नाही तर ती आठवणार कुठून?

आता छताचा प्रश्न. सुशिक्षित गटात एमएमएसईला बरेच जण २९-३० वर असतात. त्यांची खरी घसरण सुरू झाली तरी गुण हलत नाहीत. शिवाय २९ वरून २७ आणि १५ वरून १३ हे दोन गुण सारखे नसतात. असे गुण सरळ रेषेच्या मॉडेलमध्ये तसेच घातले तर वरच्या टोकाचे लोक फार हळू घसरताना दिसतात आणि शिक्षणाला फुकटचं श्रेय मिळतं. यावर इलाज म्हणजे गुणांचं आधी रूपांतर करणं. 'आर' या मोफत प्रणालीतलं एलसीएमएम पॅकेज ते मॉडेलच्या आतच करतं. दुसरा इलाज, छत उंच असलेल्या चाचण्या निवडणं: उशिराने शब्द आठवणं, प्राण्यांची नावं. मोका या अशाच दुसऱ्या चाचणीत १२ वर्षं किंवा कमी शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात. दवाखान्यात ते ठीक, मॉडेलसाठी मात्र मूळ गुण घ्या आणि शिक्षणाला स्वतंत्र रकाना द्या.

अनेक चाचण्यांचा मिळून एक गुण करायचा असेल तर प्रत्येक चाचणीतून सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागतात. इथे पाहिलेली हमखास चूक: दर भेटीला त्या भेटीचीच सरासरी वापरणं. तसं केलंत की प्रत्येक भेटीची सरासरी शून्य, आणि जी घसरण मोजायला निघालात ती स्वतःच्या हाताने पुसलीत. सरासरी आणि विचलन पहिल्या भेटीचंच, शेवटपर्यंत. पहिल्या भेटीत सरासरी ५.२ आणि विचलन १.८ असेल, तर चौथ्या भेटीत ३.४ शब्द आठवणाऱ्याचा गुण उणे १, मग त्या दिवशीची सरासरी काही का असेना.

तिसरी पायरी: वही लांब करा, तारखा खऱ्या लिहा

एका माणसाची एक ओळ आणि भेटींचे चार रकाने, ही मांडणी मोडा. दर भेटीची वेगळी ओळ हवी: माणसाचा क्रमांक, भेटीची तारीख, गुण. २४० जणांच्या जास्तीत जास्त ९६० ओळी होतील. वेळ म्हणून भेटीचा क्रमांक न वापरता पहिल्या भेटीपासूनची वर्षं दशांशात घ्या. २०२० साली सगळ्यांच्याच भेटी लांबल्या, आठवत असेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीत ठरल्याप्रमाणे दीड वर्ष हवं होतं, गेली २.७ वर्षं. त्या काळात कुणी १.२ शब्दांनी घसरला असेल, तर भेटीच्या क्रमांकावरून दरवर्षी ०.८ निघतो आणि खऱ्या तारखांवरून ०.४४. जवळजवळ निम्मा.

वयाचंही तसंच. शाळेच्या दाखल्यावर अनेकांची जन्मतारीख १ जुलै असते, मास्तरांनी बसवलेली. ऐंशीच्या घरातल्या माणसाला विचारावं, "१९५६च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेश झाला तेव्हा आपण कितवीत होतात?" दोन वर्षांची चूक अशी सापडते, आणि गप्पाही सुरू होतात.

चौथी पायरी: आधी बघा

दर माणसाच्या गुणांची एक रेघ काढा, सगळ्या एकाच कागदावर. या चित्राला पाश्चात्त्य लोक स्पॅगेटी म्हणतात. आपण लवंगेची शेव म्हणू. वीस-वीस माणसांच्या रेघा वेगळ्या कागदांवर काढल्या तर जास्त कळतं: कोण एकदम कोसळला (टंकनाची चूक, की आजारपण?), कुणाची एकच भेट आहे, कुणाचे गुण दहाच्या छताला चिकटलेत. या पायरीवर एक दुपार घालवा. मॉडेलची घाई करणाऱ्यांचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

पाचवी पायरी: मिक्स्ड मॉडेल

इथे कामाचा गाभा आहे. नॅन लेर्ड आणि जेम्स वेअर यांनी १९८२ साली मांडलेल्या या पद्धतीत प्रत्येक माणसाला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा उतार मिळतो. या सुरुवाती आणि हे उतार सगळ्या गटाच्या सरासरीभोवती विखुरलेले आहेत असं मॉडेल धरतं. आपण मोजतो तीन गोष्टी: सरासरी उतार, माणसामाणसांतला फरक, आणि रोजच्या चढउतारांचा गोंगाट.

वेळेचे दोन रकाने ठेवा. पहिल्या भेटीच्या वयातून ७० वजा करून एक, आणि पहिल्या भेटीपासूनची वर्षं हा दुसरा. पहिला रकाना माणसामाणसांतला फरक सांगतो, दुसरा एकाच माणसातला. माझी जुनी चूक याच विभागणीने टळते. दोघांचा गुणाकारही घाला, कारण ऐंशीतला माणूस सत्तरीतल्यापेक्षा वेगाने घसरत असणार. शिक्षणाच्या वर्षांतून १० वजा करा. शिक्षण एकटं आणि शिक्षण गुणिले वर्षं, असे त्याचेही दोन रकाने.

आरमधल्या एलएमई४ पॅकेजला हे असं सांगायचं: डावीकडे गुण, मग टिल्ड (~ ही खूण), मग वर्षं, वय, वर्षं गुणिले वय, शिक्षण, वर्षं गुणिले शिक्षण. शेवटी कंसात एक अधिक वर्षं, उभी रेघ, माणसाचा क्रमांक. त्या कंसातलं "एक" म्हणजे प्रत्येकाची वेगळी सुरुवात, "वर्षं" म्हणजे प्रत्येकाचा वेगळा उतार. नुसतं "एक" ठेवून वर्षं गाळणारे पुष्कळ असतात. मग सगळ्यांचा उतार एकसारखा धरला जातो आणि अंदाजाच्या मर्यादा (कॉन्फिडन्स इंटर्व्हल) खोट्याच अरुंद निघतात.

समजा उत्तर असं आलं. ७० वर्षांच्या, दहावी झालेल्या माणसाची सुरुवात ५.६ शब्द. उतार दरवर्षी उणे ०.०८. वयाच्या दर जादा वर्षामागे उतारात आणखी उणे ०.०१. शिक्षणाच्या दर वर्षामागे पातळीत अधिक ०.१२, उतारात अधिक ०.००२. वाचायचं कसं? सत्तरीतला माणूस साडेचार वर्षांत ०.३६ शब्द गमावतो. ऐंशीतल्याचा उतार उणे ०.०८ आणि उणे ०.१० मिळून उणे ०.१८, तो त्याच काळात ०.८१ गमावतो. पदवीधर (१५ वर्षं) आणि चौथी शिकलेला (४ वर्षं) यांच्या पातळीत ११ गुणिले ०.१२, म्हणजे १.३२ शब्दांचं अंतर. उतारात जवळजवळ काहीच नाही.

आता जो भाग सगळे गाळतात तो, विखुरण्याचे आकडे. समजा उतारांचं प्रमाण विचलन ०.१२ आणि गोंगाटाचं १.३. एकाच माणसाच्या दोन भेटींच्या फरकात गोंगाट दोनदा येतो, म्हणून त्या फरकाचं विचलन १.३ गुणिले दोनचं वर्गमूळ, म्हणजे १.८४. "बाबांचे गेल्या वेळेपेक्षा दोन शब्द कमी झाले" ही बातमीच नाही. ती रात्रीची झोप असू शकते.

बरं, चारही भेटींतून एकाच माणसाचा उतार काढला तर? ०, १.५, ३ आणि ४.५ वर्षं या ठरलेल्या वेळांच्या सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग मिळवले की ११.२५ येतात. त्याचं वर्गमूळ ३.३५, आणि १.३ भागिले ३.३५ म्हणजे ०.३९. जो फरक पकडायचा तो ०.१२ चा आणि मोजण्यातली चूक ०.३९ ची! माणसागणिक उतार वेगळा काढून त्यांची क्रमवारी लावणं म्हणजे गोंगाटाची क्रमवारी लावणं. मिक्स्ड मॉडेल हे जाणतं, म्हणून प्रत्येकाचा अंदाज गटाच्या सरासरीकडे ओढून घेतं.

याच हिशेबातून नियोजनाचाही धडा मिळतो. मधल्या दोन भेटी गाळून फक्त पहिली आणि शेवटची ठेवली तर ती चूक ०.३९ वरून ०.४१ होते, बस. भेटी चारच ठेवून मुदत साडेचारची नऊ वर्षं केली, तर चूक थेट अर्ध्यावर, ०.१९. पैसे कमी असतील तर भेटी वाढवण्यापेक्षा मुदत वाढवा. मधल्या भेटी लागतात त्या गळती आणि सराव समजण्यासाठी, त्याकडे येतोच.

"सिंग्युलर" अशी सूचना आली तर घाबरू नका. उतारांतला फरक मोजण्याइतका आकड्यांचा माल तुमच्याकडे नाही, एवढाच तिचा अर्थ. मॉडेल जुळत नसेल (कन्व्हर्ज होत नसेल) तर आधी वयातून ७० वजा केलेत का ते बघा.

सहावी पायरी: सरावाचा फायदा

दुसऱ्या भेटीत काकू हसत म्हणतात, "पुन्हा ती दहा शब्दांची भानगड ना?" घाबरलेली पहिली भेट आणि सरावलेली दुसरी भेट यांत खरंच फरक पडतो. सरावाने ०.४ शब्द वाढले आणि दीड वर्षांत खरी घसरण ०.१२ ची असेल, तर गुण ०.२८ ने वाढलेले दिसतील आणि वर्तमानपत्रात येईल की ज्येष्ठांची स्मृती सुधारते आहे. हा फायदा बहुतेक पहिल्या पुनरावृत्तीतच मिळतो. म्हणून मॉडेलमध्ये "ही पहिली भेट आहे का" असा हो-नाहीचा एक रकाना घाला. दोनच भेटी असतील तर हा रकाना आणि वेळ वेगळे करता येत नाहीत; मधल्या भेटी हव्यात त्या इथेच. दर वेळी शब्दांची वेगळी यादी वापरली तर फायदा घटतो, संपत नाही. आणि वेगवेगळ्या याद्या सारख्याच अवघड असतात हे गृहीत धरू नका. कोणाला कोणती यादी कधी द्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.

सातवी पायरी: पहिल्या भेटीचे गुण उजवीकडे नकोत

मार्गदर्शक हमखास सांगतात, "बदल बघायचा तर सुरुवातीचे गुण स्थिर करा," म्हणजे टिल्डच्या उजवीकडे एक रकाना म्हणून घाला. ऐकायला रास्त वाटतं. आता असं बघा: चौथी शिकलेल्या आजी आणि पदवीधर आजोबा, दोघांना पहिल्या भेटीत ६ शब्द. आजींच्या गटाची सरासरी ४.५, आजोबांच्या गटाची ६. आजींच्या ६ मध्ये त्या दिवशीच्या नशिबाचा वाटा असण्याची शक्यता जास्त. पुढच्या भेटीत त्या आपल्या नेहमीच्या पातळीकडे परततात आणि मॉडेल म्हणतं, कमी शिकलेले वेगाने घसरले. घसरलं कुणीच नाही. मारिया ग्लिमूर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली नेमकं शिक्षणाचंच उदाहरण घेऊन हे दाखवलं. सुरुवात मॉडेलच्या डाव्या बाजूलाच राहू द्या, पहिली भेट ही चारांतली एक भेट म्हणून.

आठवी पायरी: गेलेले लोक

चौथ्या भेटीला २४० पैकी समजा १५० उरले. बाकीचे कुठे गेले? कुणी मुलाकडे पुण्याला, बेंगळुरूला. कुणी अंथरुणाला खिळले. काही वारले. आणि काहींनी फोनवर सांगितलं, "आता नको, वेळ नाही." हा शेवटचा गट मला सगळ्यात अस्वस्थ करतो, कारण वेळ नाही याचा अर्थ पुष्कळदा असतो: मागच्या वेळी आठवलं नाही, सुनेसमोर शोभा झाली.

फक्त चारही भेटींना आलेल्या १५० जणांवर हिशेब केलात तर तुम्ही ठणठणीत लोकांची कहाणी लिहिताय. मिक्स्ड मॉडेलचा मोठा फायदा हा की एक-दोन भेटी दिलेलेही त्यात राहतात. माणूस गळण्याचं कारण त्याच्या आधी नोंदलेल्या गुणांत, वयात, शिक्षणात दिसत असेल, तर अंदाज बरोबर येतात. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली घालून दिलेली ही अट. पण न मोजलेल्या घसरणीमुळेच माणूस आला नसेल, तर अट मोडते, आणि ती मोडली की नाही हे आकड्यांवरून कळत नाही.

म्हणून तीन कामं करा. पहिलं, गळतीचा तक्ता: राहिलेले, सोडून गेलेले, वारलेले, प्रत्येक गटाचे पहिल्या भेटीचे गुण आणि वय. दुसरं, संवेदनशीलता तपासणी: गळालेल्यांचा उतार मॉडेलच्या अंदाजापेक्षा दरवर्षी ०.०५ ने तीव्र धरा, मग ०.१०, मग ०.२०, आणि तुमचा निष्कर्ष कुठे उलटतो ते लिहा. ०.२० पर्यंत टिकला तर छाती पुढे काढून सांगा. ०.०५ लाच ढासळला तर तेही सांगा. तिसरं, जे येत नाहीत त्यांच्या घरच्यांना फोन. आयक्यूकोड या प्रश्नावलीची छोटी, १६ प्रश्नांची आवृत्ती नातेवाइकांकडून भरून घेता येते. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आता कसं, असं ती विचारते. तिचे गुण शब्दांच्या गुणांत मिसळू नका, वेगळे ठेवा.

मृत्यूला गळतीच्या रांगेत उभं करू नये. पुण्याला गेलेल्या काकांची स्मृती आजही आहे, आपल्याला फक्त ती दिसत नाही. वारलेल्या काकांची नाही. साधं मिक्स्ड मॉडेल दोघांचीही रेघ पुढे ओढतं. शिवाय मृत्यूच्या आधीच्या काही वर्षांत घसरण वेगावते, हे रॉबर्ट क्लीमायर यांनी १९६२ सालीच नोंदवलं होतं. मृत्यू पुष्कळ असतील तर गुणांचं आणि आयुर्मानाचं एकत्र मॉडेल लावा. आरमध्ये त्यासाठी जेएम हे पॅकेज आहे. निदान "त्या वेळी हयात असलेल्यांमध्ये" हे शब्द तरी निष्कर्षात घाला.

राहिलेलं थोडं

रेघ वाकवायची का? चार भेटींत वर्षांचा वर्ग घालून बघा, त्यापुढे जाऊ नका. प्रत्येक माणसाची घसरण नेमकी कधी सुरू झाली तो बिंदू शोधणारी मॉडेलं देखणी असतात, पण त्यांना दहा-बारा वर्षांचा माल लागतो.

स्वतःचा माल नसेल तर लासी या वाढत्या वयावरच्या राष्ट्रीय पाहणीवर हात बसवा. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने इतर संस्थांबरोबर केलेल्या तिच्या पहिल्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, ४५ वर्षांपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त जण होते. साठीपुढच्या चार हजारांवर लोकांची सविस्तर स्मृतितपासणी करणारी लासी-डॅड ही तिचीच शाखा. भारतात साठीपुढच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, हा अंदाज तिच्यातूनच आला. नोंदणी करून ही माहिती मागता येते.

अहवालात दोन चित्रं द्या. एकात मॉडेलच्या दोन रेघा, सत्तरीतल्याची आणि ऐंशीतल्याची, अंदाजाच्या मर्यादांच्या पट्ट्यांसकट. दुसऱ्यात ती कच्ची शेव. ज्येष्ठांना त्यांचे स्वतःचे गुण मागितल्याशिवाय सांगू नका, आणि मागितले तर १.८४ चा हिशेब सोप्या शब्दांत सांगून मगच. दोन भेटींत सलग मोठी घसरण दिसली आणि घरचेही तेच म्हणत असतील, तर डॉक्टरकडे पाठवा: बी१२, थायरॉइड, ऐकू येणं, उदासी, यांतल्या पुष्कळ गोष्टींवर इलाज आहे.

मावशीची तिसरी भेट येत्या पौषात आहे. या वेळी नियम दाराच्या मागे लिहून चिकटवलाय. तिने तो वाचला आणि विचारलं, "मग घूस आणि उंदीर एक की दोन?" दोन. तेही नियमात लिहिलं.